कालव्यात न गेलेली टेप

१

माळ्यावर थंडी अडवणारी लोकर अंथरायला माणसं मंगळवारी येणार होती, म्हणून गेनॉर हार्डकासल रविवारी सकाळीच शिडी लावून वर चढली, आणि अर्ध्या तासात तिच्या नवऱ्याचा चोर झाला.

नवरा म्हणजे नेव्हिल. बार्न्सलीत त्याला सगळे नेव्ह म्हणत. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. जन्मभर त्याने लोकांच्या घरांना खिडक्या बसवल्या आणि उरलेले स्क्रूसुद्धा ज्याचे त्याला परत केले. दुसऱ्याची वस्तू टाकून द्यायची म्हटलं की याचाच जीव खालीवर व्हायचा. खोड एकच. कुठलंही काम सुरू करण्याआधी हातात असेल त्याने चार वेळा टकटक करायचा, भरभर. रविवारचं मांस कापायच्या आधी सुरीने ताटावर, गाडी सुरू करायच्या आधी स्टिअरिंगवर. लग्नात तर 'हो' म्हणायच्या आधी त्याने चर्चच्या कठड्यावर चार ठोके दिले होते आणि पाद्रीबाबांच्या हातातून पुस्तक निसटलं होतं. "ड्रमरची सवय आहे," तो म्हणायचा, "माझ्याबरोबरच जाईल."

ड्रमर तो होता, पण जेमतेम नऊ महिने. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या पंक बँडचं नाव होतं 'द डॅम्प मॅचेस', म्हणजे दमट काड्या. नावाला जागून त्या पेटल्या न पेटल्या तोच विझल्या. गाणारी लॉरेन सग्डेन, गिटारवर तिचा धाकटा भाऊ रसेल, बेस वाजवणारा कीथ बूथरॉइड आणि ड्रमवर नेव्ह. चौघांना मिळून तीन सूर येत होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. खाणकामगारांच्या क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा तिसऱ्या गाण्याच्या मधेच सेक्रेटरीने माइक ओढून 'गरम पाई आल्यात हो' अशी हाक दिली आणि सगळा हॉल पाठ फिरवून मांस भरलेल्या त्या पाईंसाठी रांगेत जाऊन उभा राहिला. लॉरेन त्या पाठींकडे बघून उरलेलं गाणं किंचाळली. ही गोष्ट दर नाताळला निघायची, आणि गेनॉर दर नाताळला हसायची.

बँड कसा मोडला हे मात्र कुणी हसत सांगत नसे. लीड्समध्ये गालिच्यांच्या दुकानावर म्हाताऱ्या क्रॅबट्रींचा स्टुडिओ होता. तिथे एका दिवसात त्यांनी आपली सगळी गाणी रेकॉर्ड केली. दुसऱ्या दिवशी रसेल बसने जाऊन टेप घेऊन आला, कीथच्या घरी ठेवली आणि आर्ट कॉलेजला निघून गेला. बाकी तिघांनी बिअरच्या बाटल्या उघडून ती कीथच्या वडिलांच्या यंत्रावर लावली. गाणी नव्हतीच. पोटात दुखणाऱ्या गाईसारखा लांबलचक हंबरडा तेवढा होता. आणि असले हंबरडे रसेल कॉलेजात स्वतःच बनवायचा, त्याला कला म्हणायचा आणि मित्रांना पकडून ऐकवायचा. झालं. खरी टेप याने दाबली आणि खोक्यात आपली गाय घातली, असं ठरलं. लॉरेनने भरल्या पबमध्ये सख्ख्या भावाला चोर म्हटलं. तो त्याच आठवड्यात गाव सोडून गेला, आणि तेव्हापासून बहीण-भावांचं बोलणं बंद. ती गाईची टेप कालव्यात फेकायचं काम नेव्हकडे आलं होतं. फेकली, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

आणि आता माळ्यावर, चहाच्या जुन्या खोक्याच्या तळाशी, बँडच्या फाटक्या शर्टात सेफ्टी पिना लावून गुंडाळलेला एक चौकोनी डबा निघाला. डब्यावर क्रॅबट्रींचं लेबल होतं: 'द डॅम्प मॅचेस, मुख्य टेप'. शर्टावर नेव्हच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'रसेलला द्यायची'.

गेनॉर पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसली. खोटी टेप कालव्यात गेली होती. मग ही खरीच असणार. म्हणजे संसारभर ही तिच्या डोक्यावर होती, आणि चाळीस वर्षं नेव्हने मित्राला चोर म्हणवून घेऊ दिलं होतं. ज्या माणसाने स्क्रू परत केले त्याने!

तिने विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासले होते. एकाच जळक्या सोफ्यावर तीन वेळा भरपाई मागणारे तिने पकडले होते. खोटं कसं दिसतं ते तिला माहीत होतं. ते आपल्या घरात निघालं तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. खाली येऊन तिने फोन उचलला.

"कीथ, तुझ्या वडिलांचं ते टेपचं यंत्र आहे का रे अजून? घेऊन ये. आणि लॉरेनलाही आण."

२

कीथ यंत्र पोटाशी धरून आला आणि लॉरेन पोर्क-पाई घेऊन. एके काळी ही बाई कचऱ्याच्या पिशव्या अंगावर चढवून स्टेजवर थुंकायची. आता शाळेसमोर पिवळा कोट घालून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची, आणि लॉरीवालेसुद्धा तिला टरकून असत.

शर्टावरचं अक्षर बघून कीथने कपाळावर हात मारला. "दोघं सामील होते! नेव्हने लपवायची आणि रसेलला द्यायची. मी तेव्हाच म्हणत होतो!"

"तू तेव्हा काहीही म्हणत नव्हतास," लॉरेन म्हणाली. "तू बिअर पीत होतास. आणि नेव्हबद्दल जपून बोल, समोर त्याची बायको बसलीये."

"बोलू दे गं," गेनॉर म्हणाली. तिचा चहा तसाच थंड होत होता. "आधी टेप लाव, कीथ. अगदी त्या दिवशी लावलीस तशी."

कीथने रीळ चढवलं. टेपच्या बाहेरच्या टोकाला लाल पट्टी होती. ती त्याने दुसऱ्या रिळात अडकवली. "याला दोनच वेग आहेत. वरचा लावतो, तेव्हाही वरचाच लावला होता." त्याने बटण दाबलं.

खोलीत गाय हंबरली.

लॉरेन ताडकन उभी राहिली. "हीच! अगं, हीच ती! हिला मी मेल्यावरसुद्धा ओळखीन."

गेनॉरचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. ही खरी टेप नव्हती. म्हणजे नेव्हने चोरी केली नव्हती, कालव्याबद्दल तेवढं खोटं बोलला होता. पण का? नको असलेली टेप कुणी शर्टात गुंडाळून जपतं का?

"सगळं सांगा," ती म्हणाली. "मला काही ठाऊक नाही असं समजून. स्टुडिओत कुणी विचारलं होतं?"

"मीच गेलो होतो," कीथ म्हणाला. "क्रॅबट्री म्हातारा कसला शिस्तीचा! त्याने आयुष्यभर ब्रास बँड रेकॉर्ड केलेले. टाय लावून आमची गाणी घेतली त्याने, तोंडावर रेषा नाही. म्हणाला, 'टेप मी नेहमीसारखी नीट तयार केली आणि त्या चष्मेवाल्या मुलाच्या हातात दिली. माझ्या टेपबद्दल आजवर तक्रार आलेली नाही.' मग राहिलं कोण? रसेल."

"आणि रसेलला ही टेप कुणी ऐकवली?"

"चोराला त्याचीच चोरी काय ऐकवायची?" लॉरेन पुटपुटली.

तेवढ्यात हंबरडा तुटला आणि यंत्र गप्प झालं. थोड्या वेळाने गाय पुन्हा, नव्या सुरात सुरू झाली.

"मधेमधे दम खाते," लॉरेन म्हणाली. "तेव्हाही खात होती."

गेनॉरने हात वर करून तिला गप्प केलं. हा हंबरडा दुरून हळूहळू फुगत आला, बराच वेळ घुमला आणि एकदम कापल्यासारखा थांबला. त्या शांततेच्या तोंडाशी, कुणी ओल्या लाकडावर मूठ मारावी तसं काही वाजलं. ढप्. ढप्. ढप्. ढप्.

"हे काय होतं?"

"काय की. गाईने लाथा झाडल्या असतील," कीथ म्हणाला.

पुढचा हंबरडाही तसाच संपला, आणि त्याच्या पुढचाही. शेवटी दर वेळी तेच. गेनॉरला वाटलं, हे आपण कुठेतरी ऐकलंय, खूपदा ऐकलंय. पण इतकं संथ, इतकं बोजड? तिला काही आठवेना.

तिने कोट चढवला. "रसेल राहतो कुठे?"

लॉरेनने खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, आणि ते इतकं चटकन दिलं की इतकी वर्षं तो पत्ता तिच्या जिभेवरच होता हे गेनॉरला कळून चुकलं. "हेब्डन ब्रिज. पुलाजवळ. निळं दार आहे म्हणे."

३

निळं दार उघडणारा माणूस उंच, टकला आणि चष्मेवाला होता. नेव्हचं नाव ऐकून त्याने तिला आत घेतलं, पण हसला नाही.

"गेल्याचं कळलं मला. फुलं पाठवणार होतो. मग वाटलं, चोराची फुलं कोण घेणार?" त्याने केटली चढवली. "आणि आमची लॉरेन कशी आहे?"

"लॉऱ्या अडवते."

"तेच करणार ती," रसेल म्हणाला, आणि तोंड फिरवून बराच वेळ कप शोधत राहिला.

त्याची बैठकीची खोली यंत्रांनी भरली होती. तो कॉलेजात ध्वनिमुद्रण शिकवून निवृत्त झाला होता. गेनॉरने शर्टावरचं अक्षर दाखवलं. ते बघून तो खरोखर गोंधळला.

"मला द्यायची? नेव्हकडे माझं काही नव्हतं. मी क्रॅबट्रींकडून डबा घेतला, मांडीवर धरून बसमध्ये बसलो आणि कीथच्या आईच्या हातात दिला. उघडलासुद्धा नाही. दोन दिवसांनी पबमध्ये गेलो तर सख्खी बहीण अंगावर आली. मला वाटलं, यांना मी नकोच होतो. निमित्त हवं होतं, ते मिळालं. मग मीही म्हटलं, खड्ड्यात जा."

"त्यांनी जे ऐकलं ती तुमचीच कला होती म्हणतात."

रसेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझी? माझी प्रत्येक टेप या कपाटात आहे. थांबा." त्याने एक काढून लावली. एकच सूर सुरू झाला आणि हलेना. गेनॉरने वाट पाहिली. सूर तसाच.

"हा मधे थांबतो का कधी?"

"थांबायचा? मुळीच नाही! थांबणं म्हणजे भित्रेपणा, असं मी तेव्हा मानायचो. टेप संपेपर्यंत हाच." मग तो जरासा ओशाळला. "मित्र कंटाळायचे, त्यात त्यांची चूक नव्हती."

म्हणजे गाय रसेलची नव्हती. नेव्हची नव्हती. क्रॅबट्रींनी टेप नीट दिली होती, रसेलने डबा उघडला नव्हता, आणि तरी त्यातून हंबरडाच निघाला होता. दावे तपासताना अशी वेळ आली की गेनॉर स्वतःलाच विचारायची: सगळे खरं बोलत असतील, तर मग काय घडलं असेल?

रसेलने चहाची किटली पुढे सरकवली. तिने झाकणावर बोटाने भरभर चार वेळा टकटक केलं आणि ओतायला घेतली.

रसेल पहिल्यांदा हसला, अगदी मोकळा. "नेव्हचे ठोके! तुम्हालाही लावली की सवय! काड्या आपटून चार द्यायचा तो, आणि आम्ही तुटून पडायचो. त्याशिवाय आमचं एकही गाणं सुरू व्हायचं नाही."

गेनॉरचा हात हवेतच राहिला. चहा बशीत सांडला.

"सुरू व्हायच्या आधी," ती म्हणाली.

"अर्थात आधी. नंतर कशाला देईल?"

"रसेल, त्या टेपमध्ये प्रत्येक हंबरड्यानंतर चार ठोके आहेत. संथ, जड. पण चार. आणि नंतर."

रसेलने कप खाली ठेवला. "बाहेरचं टोक," तो अगदी हळू म्हणाला. "टेपच्या बाहेरच्या टोकाची पट्टी कुठल्या रंगाची होती?"

"लाल."

त्याने चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

४

शनिवारी शाळेला सुट्टी असते, म्हणून लॉरेन शनिवारी कीथबरोबर हेब्डन ब्रिजला आली. टेप नीट ऐकायची आहे, इतकंच गेनॉरने तिला सांगितलं होतं. निळ्या दाराशी ती अडखळली. रसेल उंबऱ्यात उभा होता.

"केस गेले की रे सगळे," लॉरेन म्हणाली.

"तुझी जीभ नाही गेली," रसेल म्हणाला.

कीथने मधे घुसून पाई कुठे ठेवू असं विचारलं, आणि सगळे आत गेले.

गेनॉर यंत्राशेजारी उभी राहिली. "चोरी झालेलीच नाही," तिने सांगून टाकलं. "खरी टेप आणि खोटी टेप अशा दोन कधी नव्हत्याच. एकच होती. तीच ही."

"ही गाय?" कीथ म्हणाला.

"ही गाय म्हणजे तुम्ही चौघं. तीन गोष्टी मला खटकत होत्या. एक, गाय दम खाते, रसेलची टेप खात नाही. मी तिचे हंबरडे मोजले. लॉरेन, तुमची गाणी किती?"

"आठ."

"हंबरडेही आठ. दुसरी गोष्ट ते ठोके. नेव्ह गाण्याआधी ठोके द्यायचा, इथे ते नंतर येतात. गाणं आधी आणि ठोके मागून, असं फक्त उलट्या टेपमध्येच होईल. तिसरी गोष्ट लाल पट्टी. ती आता रसेल सांगेल."

रसेलने टेपचं टोक सगळ्यांना दाखवलं. "टेपच्या आरंभाला पांढरी पट्टी, शेवटाला लाल. आणि कसलेले लोक टेप वाजवून झाल्यावर परत गुंडाळत नाहीत. तशीच ठेवतात, शेवट बाहेर. त्यामुळे ती रिळावर एकसारखी बसते, टिकते. वाजवणाऱ्याने आधी ती फिरवून घ्यायची असते. क्रॅबट्रींना वाटलं, एवढं तर कुणालाही माहीत असतं. आणि आपण—"

"आपण काही शिकायचंच नाही अशी शपथ घेतली होती," लॉरेन म्हणाली.

"त्यात स्टुडिओची टेप कीथच्या वडिलांच्या यंत्राच्या दुप्पट वेगाने धावते. म्हणजे तुम्ही ती उलटी ऐकलीत आणि वर निम्म्या वेगाने. कुणीही गायच म्हणेल."

"म्हणजे आम्ही आमचीच गाणी ऐकली," कीथ सावकाश म्हणाला, "आणि म्हटलं, हा कसला घाणेरडा प्रकार आहे."

"आमच्या आईनेही तेच म्हटलं होतं, सुलटं ऐकून," रसेल म्हणाला.

कीथ आधी हसला. मग सगळेच हसले आणि लॉरेन हसता हसता रडायला लागली. "मी तुला सगळ्यांसमोर चोर म्हटलं रे. आई जाताना तुझं नाव घेत होती, आणि मी फोन केला नाही. एकदा तुला ऐकवली असती तर..."

"ऐकवली असती तर पहिल्या मिनिटात सांगितलं असतं," रसेल म्हणाला. "मीही एकदा म्हणायला हवं होतं की बाई, ऐकव. मी तोऱ्यात निघून गेलो. सोड आता. नाक पूस, यंत्रावर पडेल."

"आणि नेव्ह?" कीथने विचारलं. "त्याने का नाही फेकली?"

याचं उत्तर गेनॉरने घरी, लोकर अंथरणारी माणसं वर खुडबुड करत असताना, त्या शर्टाकडे बघून शोधलं होतं. "त्यालाही ती रसेलचीच वाटली होती. गाय तर गाय, पण कुणीतरी मेहनतीने केलेली. ज्याला उरलेला स्क्रू ठेवून घेववत नव्हता, तो दुसऱ्याची कला कालव्यात टाकेल? परत द्यायची म्हणून त्याने ती बांधून ठेवली. आणि मग लॉरेनच्या भीतीने तोंड उघडलं नाही."

"माझ्या भीतीने?" लॉरेन फणकारली.

"हो," तिघं एकदम म्हणाले.

रसेलने टेप फिरवून घेतली. पांढरं टोक बाहेर आलं. त्याने ते जपून अडकवलं, वेग लावला आणि गेनॉरकडे पाहिलं. तिने मान हलवली.

क्षणभर नुसती खरखर. मग काड्यांचे चार ठोके, कोरडे, भरभर, विशीतल्या हातांचे. गेनॉरने खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिला जे मांसाच्या ताटावर, स्टिअरिंगवर, चर्चच्या कठड्यावर ऐकू आलं होतं तेच हे होतं, ती त्याला भेटायच्या कितीतरी आधीचं. त्या पाठोपाठ सगळं खाली कोसळल्यासारखा आवाज झाला आणि एकोणीस वर्षांची लॉरेन जगाच्या नावाने किंचाळली.

गाणं भयंकर होतं. कीथ दोनदा चुकला, रसेलची एक तार उतरली होती. पण नेव्ह शेवटपर्यंत सगळ्यांना ओढत नेत होता, उरलेला एकही स्क्रू न ठेवता. गेनॉरचे डोळे वाहत होते आणि ते तिने पुसले नाहीत. तिचा माणूस चोर नव्हता. त्याच्याकडून एक वस्तू पोचवायची राहिली होती, तेवढीच.

तिने तो फाटका शर्ट रसेलच्या हातात दिला. "घ्या. टेप तुम्हालाच द्यायची होती."

आठही गाणी झाली. टेपचं लाल टोक यंत्रातून सुटून फडफडू लागलं.

"गरम पाई आल्यात हो," कीथ शेवटी म्हणाला.

"पाई गेल्या खड्ड्यात," लॉरेन म्हणाली. ती भावाच्या शेजारी सरकून बसली होती आणि तिने त्याची बाही मुठीत धरली होती. "पुन्हा लाव."

रसेलने टेप फिरवून पहिल्या जागी आणली, बोट बटणावर ठेवलं आणि थांबला. तिघंही गेनॉरकडे बघत होते.

तिने टेबलावर चार ठोके दिले.